शेवटून पहिल्या येणाऱ्या मुलीचा तास

ऑगस्ट उजाडला की आमच्याकडच्या शाळांची मैदानं जागी होतात. १५ ऑगस्टचं झेंडावंदन, त्याच्या पाठोपाठ १७ सप्टेंबरचा मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन. खोलीत धूळ खात पडलेल्या लेझिमी बाहेर येतात, ढोल ताणला जातो, पी.टी.चे सर वर्गावर्गातून फिरून बोटानं मुलं निवडतात. उंचीला बरी, तालात पाय टाकणारी, धिटाईनं उभी राहणारी अशी चारशेतली साठ. उरलेली लेकरं भिंतीच्या कडेनं मांडी घालून बसतात आणि टाळ्या वाजवतात. २६ जानेवारीला पुन्हा तेच, आणि पुन्हा जवळपास तीच साठ.

मी लातूर जिल्ह्यातल्या एका माध्यमिक शाळेत चोवीस वर्षं गणित शिकवते. या सगळ्या सरावात माझं काम ठरलेलं असतं : भिंतीशी बसलेल्यांना गप्प ठेवणं. हा लेख मी त्या भिंतीजवळ उभी राहून लिहिते आहे. शारीरिक शिक्षणाचा तास आधी या बसलेल्यांचा आहे असं माझं म्हणणं आहे. जो उपजतच पळतो तो तास नसला तरी पळेल. ज्या मुलीला धावायची लाज वाटते, ज्या मुलाला दम लागतो, जो चेंडू आला की डोळे मिटतो, त्यांना शाळेनं हालचालीची गोडी लावली नाही तर पुढं आयुष्यात कुणीच लावणार नाही.

कागदावर हा तास आहे. आठवड्याच्या वेळापत्रकात त्याच्या चौकटी आहेत. नववी-दहावीला ‘आरोग्य व शारीरिक शिक्षण’ हा विषय आहे, त्याला श्रेणी मिळते, आणि माझ्या पाहण्यात ती मैदानावर पाऊल न ठेवलेल्यालाही मिळते. दहावीच्या वर्गाचा हा तास दिवाळीनंतर गणिताला जातो. तो घेणारी मीच. एक-दोनदा नव्हे, वर्षानुवर्षं. पोरं कुरकुरली तर ‘खेळून काय पोट भरणार आहे का?’ असं मी म्हटलेलं आहे. ते वाक्य आज मला परत घ्यायचं आहे.

सेहेचाळिसाव्या वर्षी मला शुगर निघाली. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, रोज चालायला सांगितलं आणि व्यायाम शिकून घ्या म्हणून फिजिओथेरपिस्ट बाईंकडं पाठवलं. त्यांनी साधी लाकडी खुर्ची पुढं केली. ‘हाताचा आधार न घेता दहा वेळा उठा-बसा.’ सहाव्या वेळी मांड्या थरथरल्या आणि मी खुर्चीचा हात धरला. मग म्हणाल्या, एका पायावर उभ्या राहा. चार आकडे मोजेपर्यंत मी भिंतीला टेकले होते. घरी येताना रिक्षात मला आठवत राहिलं की शेवटची लंगडी मी कधी घातली होती. सहावीत. सातवीत पाळी आली, त्या दिवशी बाईंनी मला मैदानाकडेच्या कडुलिंबाखाली बसवलं आणि सगळ्यांची दप्तरं सांभाळायला दिली. दुसऱ्या आठवड्यातही मी तिथंच जाऊन बसले. मला कुणी खेळू नको म्हटलं नव्हतं. फक्त, ये म्हणून कुणी हाक मारली नाही. दहावीपर्यंत मी दप्तरं सांभाळली.

ही एकटीची गोष्ट असती तर लिहिली नसती. आयसीएमआर म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पुढाकारानं झालेल्या, २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात सुमारे १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे आणि आणखी १३.६ कोटी त्याच्या उंबरठ्यावर आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या संशोधकांनी २०२४ मध्ये मांडलेल्या आकडेवारीत भारतातले जवळजवळ निम्मे प्रौढ पुरेशी हालचाल करत नाहीत असं दिसलं. पुरुषांत हे प्रमाण ४२ टक्के आहे आणि स्त्रियांत ५७ टक्के. हा पंधरा टक्क्यांचा फरक कुठून येतो हे शोधायला मला लांब जावं लागत नाही. आमच्या शाळेतही एक लिंब आहे, आणि आजही त्याच्या सावलीत मुली दप्तरं घेऊन बसतात.

शरीराचं गणित तसं सरळ आहे. काम करणारा स्नायू रक्तातली साखर ओढून घेतो, इन्सुलिनचा जोर कमी पडत असला तरी. हाडं भरतात ती वाढीच्या वयात. उडी मारली, धावलं, वजन उचललं की त्यांच्यावर जो दाब येतो त्यानं ती दाट होतात. तिशीच्या आसपास ही भर थांबते आणि नंतर उतारच असतो. म्हणजे तेराव्या वर्षी मुलीनं मारलेल्या उड्या साठाव्या वर्षी तिच्या खुब्याला राखतात. महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक बायकांना रक्तक्षय आहे हे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी सांगते, तेव्हा आहाराकडं बघायलाच हवं. पण ‘अंगात रक्त नाही, कशाला पळवता’ म्हणून मुलीला बसवून ठेवणं हा त्यावरचा उपाय नाही. तिला लोहाच्या गोळ्या द्या, पोटभर खाऊ घाला आणि झेपेल तसं खेळू द्या.

आता तास होतो तेव्हा काय होतं ते सांगते. मागच्या वर्षी एकदा मोकळ्या तासाला मी मैदानाच्या पायरीवर बसले आणि आठवीतल्या एकाच मुलीवर नजर ठेवून घड्याळ लावलं. पस्तीस मिनिटांचा तास. वर्गातून येऊन रांगा लागेपर्यंत सात मिनिटं गेली. हजेरी, मग ‘सावधान, विश्राम’. थोडी कवायत. मग बासष्ट मुलांत एक व्हॉलीबॉल. चेंडू मोठ्या पोरांनी घेतला, मुलींना ‘तुम्ही काहीतरी खेळा’ असं सांगण्यात आलं. ती मुलगी मैत्रिणीचा हात धरून कडेनं दोन फेऱ्या चालली आणि नळावर जाऊन पाणी प्यायली. तिचं अंग खऱ्या अर्थानं हललं ती वेळ चार मिनिटांच्या वर नव्हती. पाच ते सतरा वयाच्या मुलांनी रोज सरासरी साठ मिनिटं दम लागेल अशी हालचाल करावी, त्यात आठवड्यातून तीन दिवस हाडं-स्नायू बळकट होतील असं काही असावं, हा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे. शाळा एकटी ते सगळं भरून काढू शकत नाही. पण चार मिनिटं?

आमच्या सरांना मी दोष देत नाही. एका माणसाकडं सगळ्या शाळेचं मैदान, वर पोषण आहाराच्या नोंदी, यू-डायस या सरकारी शाळा-नोंदणीची माहिती, निवडणुकीचं काम, सहलीची परवानगी. तालुक्याच्या खो-खो स्पर्धेत संघ उतरला नाही तर मुख्याध्यापक विचारतात. आठवीतल्या पन्नास मुली खेळल्या की नाही हे आजवर कुणी विचारलेलं नाही. माणूस जे विचारलं जातं तेच करतो. आणि सरकारनंच हा विषय किती जपला? २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात प्रत्येक शाळेला खेळाचं मैदान आणि क्रीडासाहित्य हवं असं लिहिलेलं आहे. सहावी ते आठवीला शंभरावर पट असेल तर आरोग्य व शारीरिक शिक्षणासाठी अर्धवेळ निदेशक हवा असंही आहे. अर्धवेळच, पण तोही किती शाळांत दिसतो हे वाचकानं आपापल्या गावात बघावं. बी.पी.एड. म्हणजे शारीरिक शिक्षणाची पदवी झालेली पोरं मात्र प्रत्येक तालुक्यात नोकरीची वाट बघत आहेत.

एक गोष्ट मला फार टोचते. शाळेत मुलाला पळायला कधी लावतात? उशिरा आला, गृहपाठ नाही, वर्गात बोलला. ‘जा, मैदानाला पाच चकरा मार.’ ‘काढ पन्नास उठाबशा.’ उठाबशा हा मांड्यांचा उत्तम व्यायाम आहे. त्या फिजिओथेरपिस्ट बाई तोच मला पैसे घेऊन शिकवत होत्या. आपण मात्र तो सगळ्यांसमोर कान धरून करायचा अपमान म्हणून मुलांच्या मनात रुजवतो. ज्या हालचालीशी लाज जोडली गेली ती माणूस मोठेपणी आपण होऊन करील कशाला? शिक्षा म्हणून व्यायाम देणं सगळ्या शाळांनी उद्यापासून बंद करावं. त्याला ना निधी लागतो ना पद.

शाळा संपल्यावर काय होतं त्याचा एक नमुना पहाटे पाचला कुठल्याही तालुक्याच्या रस्त्यावर दिसतो. पोलीस भरतीची पोरं-पोरी. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, दोघांनाही १०० मीटर आणि गोळाफेक. मैदानी चाचणीचे ५० गुण. थंडीत अंगातून वाफा निघेपर्यंत ही लेकरं धावतात, ट्रकच्या उजेडात, डांबरी रस्त्यावर, कारण गावातल्या शाळेच्या मैदानाला कुलूप असतं. त्यांच्या कष्टाबद्दल मला अपार आदर आहे. पण माझीच एक माजी विद्यार्थिनी एकोणिसाव्या वर्षी चार किलोचा गोळा हातात घेऊन माझ्याकडं आली, ‘मॅडम, फेकायचा कसा हेच कळत नाही.’ तिनं आयुष्यात काहीच फेकलेलं नव्हतं. चेंडू नाही, दगड नाही. खांदा मागं घेऊन कमरेतून जोर लावायचा असतो हे सातवीतल्या मुलाला कुणी न सांगता येतं, कारण तो रोज चिंचा पाडतो. तिला ते सहा महिन्यांत शिकायचं होतं. भरतीत ती राहिली. त्या दिवसापासून तिचं पळणंही थांबलं. जी भरती झाली त्यांच्यातल्याही बऱ्याच जणांचं थांबलं. परीक्षेसाठी पळणारा परीक्षा संपली की थांबतो. आपण त्यांना पळण्यासाठी पळायला शिकवलंच नव्हतं.

यावर दोन आक्षेप मला शिक्षक-खोलीतच ऐकायला मिळतात.

पहिला असा, की आपली लेकरं रानात राबणारी, त्यांना व्यायामाची काय गरज? कापूस वेचून, सोयाबीन काढून ज्याची कंबर धरली आहे त्याला हा प्रश्न विचारून बघा. रानातलं काम एकाच अंगाला, एकाच वाकण्याला दिवसभर जुंपतं. त्यात विसावा आपल्या हातात नसतो आणि पोटात पुरेसं नसतं. बीडकडच्या ऊसतोड कुटुंबातली मुलगी हंगामात आईबरोबर फडात गेली तर ती धाकट्या भावाला कडेवर घेते, पाणी आणते, जमेल तशी मोळीही वाहते. तिला आणखी श्रम नकोत हे खरं आहे. तिला खेळ हवा. जिथं तिचं अंग कुणाच्या उपयोगाला पडत नाही अशी अर्ध्या तासाची जागा हवी. आणि त्याच वर्गात, तिच्या शेजारच्या बाकावर, असा मुलगा असतो की जो किराणा दुकानापर्यंतचे दोनशे पावलंही मोटारसायकलवर जातो. घरी ट्रॅक्टर आहे, रान बटईनं दिलेलं आहे, हातात मोबाइल आहे. दोघांनाही तोच तास लागतो.

दुसरा आक्षेप गुणांचा. लातुरात राहून हा आक्षेप झटकून टाकता येत नाही. लातूर पॅटर्ननं गरिबाघरची लेकरं डॉक्टर-इंजिनिअर केली, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे आणि त्याचा मला अभिमान आहे. पण पहाटेपासून क्लास, मग कॉलेज, मग अभ्यासिका, रात्री खाणावळीचा डबा, अशी दोन वर्षं बसून काढलेल्या सतरा वर्षांच्या पोरांची मान आणि पाठ बघा. वसतिगृहातली मुलगी मला सांगते की खोलीपासून क्लासपर्यंतचं चालणं एवढीच तिची हालचाल. अमेरिकेतल्या सीडीसी या सरकारी आरोग्यसंस्थेनं २०१० मध्ये पन्नास अभ्यासांचा आढावा घेतला होता. शाळेत खेळाला, हालचालीला वेळ दिला तर गुण घसरतात असं त्यातून निघालं नाही. बऱ्याच अभ्यासांत एकाग्रता, वागणं, गुण यांना मदतच झालेली दिसली. मी गणिताची बाई म्हणून एवढं सांगते, की सलग चौथ्या तासाला मी फळ्यावर काय लिहिते ते निम्म्या वर्गाच्या डोळ्यांपर्यंतच पोचतं. मैदानावरून आलेला वर्ग पहिली पाच मिनिटं घामट आणि गोंगाटी असतो, मग जागा असतो.

मग पदकांचं काय, असं क्रीडाप्रेमी विचारतात. आपल्या मातीत कस आहेच. बीड जिल्ह्याच्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा धावपटू अविनाश साबळे सहा किलोमीटरवरच्या शाळेत पायी-पळत जायचा. बारावीनंतर सैन्यात गेला आणि तिथं त्याची धाव कुणाच्या तरी नजरेत आली. पुढं २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत स्टीपलचेस या अडथळ्यांच्या शर्यतीचं रौप्य आणि २०२३ मध्ये आशियाई सुवर्ण. त्याचा आम्हाला गर्व आहे, पण शाळेनं यातून शिकायचं ते वेगळं : त्याचं अंग ओळखलं गेलं ते शाळा सुटल्यावर. धाराशिवची सारिका काळे खो-खोतून २०२० च्या अर्जुन पुरस्कारापर्यंत गेली, कारण धाराशिवला खो-खोची रुजलेली परंपरा आहे आणि तिथं मुलगी मैदानात उतरते. सगळी मुलं खेळली तरच त्यातला कोण मोठा हे कळणार. साठ निवडून तीनशे चाळीस बसवले तर उद्याचा साबळे बसलेल्यांत असू शकतो. आणि त्या तीनशे चाळिसांतलं कुणीच साबळे होणार नसेल, तरीही तास त्यांचाच आहे.

करायचं काय, तर फार मोठं नाही. खेळ असा निवडावा की ज्यात बाद झालेला बाहेर बसत नाही. खो-खो आपला लाडका, पण त्यात एका वेळी धावतात थोडे आणि बसतात जास्त, म्हणून वर्गासाठी छोट्या आखलेल्या जागेत, पाच-पाच जणांत खेळावा. लंगडी तर ठेवाच. एका पायाचा तोल, पोटरीचं बळ, हाडांवर दाब, सगळं त्यात आहे आणि आखायला फक्कीची एक मूठ पुरते. लगोरी फेकायला शिकवते. दोरीवरच्या उड्यांना ओट्याएवढी जागा लागते. समग्र शिक्षा योजनेत सरकारी शाळांना वर्षाला खेळसाहित्यासाठी प्राथमिकला ५,०००, उच्च प्राथमिकला १०,००० आणि माध्यमिकला २५,००० रुपयांपर्यंत अनुदान आहे. त्यातून एक क्रिकेट किट घेण्यापेक्षा वर्गातल्या प्रत्येक लेकराच्या हाती दोरी आणि दोघांत एक चेंडू येऊ शकतो. मार्च-एप्रिलमध्ये आमच्याकडं ऊन चाळिशी गाठतं, शाळा सकाळची होते, तेव्हा हा तास पहिला ठेवावा, शेवटचा नव्हे. मुलींना खेळायला सलवार किंवा पँट चालू द्यावी, ओढणी वर्गात ठेवू द्यावी, स्वच्छतागृहात पाणी असावं, आणि पाळीच्या दिवशी खेळायचं की नाही हे तिचं तिनं ठरवावं. बसायचं असेल तर बसेल, पण पुढच्या तासाला तिला नावानं हाक मारावी. हे शेवटचं मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं.

मोजमाप हवंच, नाहीतर तास पुन्हा गणितात जाईल. पण मोजायचं ते प्रत्येकाचं स्वतःशी. आमच्याकडं पैठणहून नाथांची पालखी निघते, आषाढीला लाखो पायी पंढरपूर गाठतात. सत्तरीच्या बाया दिवसाला वीस-वीस किलोमीटर चालतात. त्यांच्यात पहिली कोण आली हे कुणी विचारत नाही, आणि पुढच्या वर्षी त्या पुन्हा निघतात.

या जूनपासून आठवी ‘ब’चा एक तास मी मागून घेतला. सरांनी आनंदानं दिला. चाळीस दोऱ्या आणल्या. प्रत्येकाची एक छोटी वही, त्यात तारीख आणि न अडखळता मारलेल्या उड्या, दुसऱ्याची वही बघायची नाही. पहिल्या दिवशी एक मुलगी लिंबाकडं निघाली, ‘मॅडम, मला नाही जमत हे.’ मी म्हटलं, ‘मलाही जमत नाही, चल, दोघी मिळून शिकू.’ तिच्या तीन झाल्या, माझी एक. गोकुळाष्टमीच्या सुमाराला ती तासाआधीच माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिली आणि वही उघडून दाखवली. सत्तावीस. मी मधल्या सुट्टीत लपून सराव करते, म्हणाली. लपून का, असं मी विचारलं नाही. मला ते माहीत होतं.

आता प्रश्न कुलपाचा आहे. संध्याकाळी सहाला आमचं मैदान बंद होतं आणि गावातल्या बाया जेवणं उरकून हमरस्त्याच्या कडेनं चालायला निघतात, डोळ्यांवर ट्रकचे दिवे घेत. पहाटे त्याच रस्त्यावर भरतीची पोरं. मैदान पहाटे पाच ते सात आणि संध्याकाळी साडेआठपर्यंत उघडं ठेवावं असा अर्ज मी शाळा व्यवस्थापन समितीकडं दिला आहे. बैठकीत विरोध कुणीच केला नाही. फक्त किल्ली कोण सांभाळणार, असं एकानं विचारलं. माझं घर शाळेपासून दोन गल्ल्या सोडून आहे. माझ्याकडं ठेवा, असं मी सांगितलं आहे.